छाट

माझ्या लॅबच्या कपाटात, खालच्या कप्प्यात,
मिठाईच्या खोक्यात नऊ कवळ्या आहेत.
न्यायला कुणी आलं नाही.
दवाखान्यांच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या:
म्हेत्रे, वय ७४, बाकी सहा हजार.
शेख मुमताज, ६९, मुलगा येईल म्हणाल्या.
बिराजदार, फोन लागत नाही.
एकीवर नुसतं 'मयत', लाल पेनानं.

मी दात बनवतो. अशोक चौकाच्या मागं,
जिथं मागांच्या खडखडाटात
माझं घासायचं मशीन मलाच ऐकू येत नाही.

लच्चव्वा कोडम समोरच्या बोळात राहते.
सूप मांडीवर, सुपात तंबाखू,
बोटं पानावर आणि नजर रस्त्यावर.
दोरा दातानं तोडायची, तेव्हा दात होते.
दुखायला लागले की मिश्री लावायची,
मिश्रीनं दुखणं झोपायचं,
दात मात्र आतून जागे राहायचे.

मग मांडव पडला. मोफत शिबिर.
एका दुपारी अकरा दात काढले,
कापूस चावत फोटोत बसवली.
"कवळीचं नंतर बघू."
त्या नंतरला आता तिसरं वर्ष.
उपटणं फुकट, बसवणं विकत.

कार्ड घेऊन गेली तर खिडकीतला म्हणाला,
यात काळीज बसतं, गुडघा बसतो,
दात बसत नाहीत, मावशी.
हे ती मला सांगते आणि
तोंडावर पदर धरून हसते.
हसताना पदर, बोलताना पदर,
कारखान्यावर विड्या मोजून देतानाही पदर.

कवळी अठरा हजार, डॉक्टर म्हणाले.
हजार विड्यांचे दोनशे.
तिनं हिशेब बोटांवर केला, मी कॅल्क्युलेटरवर;
तिचा आधी झाला.
नव्वद हजार विड्या.
रोज पाचशे धरल्या तर सहा महिने,
सुट्टी नाही, ताप नाही, जेवण नाही.
"जेवण तर तसं पण नाही की रे," म्हणाली,
"आमटीत बुडवायचं आणि गिळायचं."

एकदा खोकं उघडं राहिलं होतं.
तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं.
"यातली एखादी मला बसंल का?"
नाही बसणार, लच्चव्वा.
तोंड म्हणजे कुलूप, दुसऱ्याची किल्ली लागत नाही.
"मेलेल्याची पण चालंल. मी काय विटाळ धरत नाही."
मी प्लास्टर कालवत राहिलो.
ते भांड्यातच घट्ट झालं.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला कागद चिकटवलेला.
ती दोनदा पहिल्या वळणापर्यंत गेली,
तिथं बसली, परत आली.
तोंडाला हात लावायचा परवाना मला नाही.
एका रविवारी कुणीतरी तिच्या तोंडाचं माप घेतलं.
कुणी, ते मी सांगणार नाही.

साचा पालथा केला. हिरडीचा उंचवटा
जुन्या जिन्याच्या पायरीसारखा झिजलेला.
दात गेल्यावर हाड वाट बघत नाही,
वर्षागणिक खाली बसत जातं.
उशीर असा हाडात उतरतो,
आणि मग लोक म्हणतात, कवळी नीट बसत नाही हिला.

मेणात मी दात लावतोय,
पट्ट्यांमधून उरलेले, एक पिवळट, एक जरा रुंद.
तिला सांगितलं, जोड पक्की नाही.
ती म्हणाली, "विडीतपण छाट काढतात.
मुकादम बाजूला टाकतो, पैसे कापतो,
पण छाट कधी फेकलेली बघितलीस का तू?
कुणीतरी ओढतंच."

शनिवारी हप्ता झाला की तीनशे आणून देते,
नोटांना तंबाखूचा वास.
मी वहीत जमा लिहितो, तिच्यासमोर,
तिला वाचता येत नाही तरी ती बघते.

परवा पेपरात गुंडाळून कडक भाकरी आणली.
पापडासारखी पातळ, तीळ लावलेली, टणक.
मी तोडायला गेलो तर हातावर मारलं.
"तुला नव्हं. ठेव कपाटात.
पळ्ळू आले की खाईन.
ही खराब होत नाही, कितीपण दिवस."

खालच्या कप्प्यात ठेवली आहे,
खोक्याच्या शेजारी.
कप्पा उघडला की थोडी वाजते.