सव्वादहाची तासिका

विजापूर वेशीत इस्माईलभाईंनी विचारलं,
"मॅडम, फ्राय करणार का मसाला?"
म्हटलं, शिकवणार.
त्यांनी पैसे घेतले नाहीत.
एवढंच म्हणाले, दुपारच्या आत शिकवा,
ऊन फार आहे.

मग रिक्षात मांडीवर स्टीलचा डबा,
डब्यात बर्फ, बर्फात बकऱ्याचा मेंदू,
आणि मी, तासिका तत्त्वावरची,
पगार मार्च सरल्यावर, आला तर.

बी. ए. भाग दोन, मानसशास्त्र.
हजेरीत एकतीस नावं, बाकांवर अठरा माणसं.
पंख्याचा वारा दुसऱ्या ओळीपर्यंतच पोचतो.
यांना वाटलं होतं, आपण मनाबद्दल बोलू:
स्वप्नं, प्रेमभंग, न्यूनगंड.
आणि बाईंनी टेबलावर भेजा ठेवला.

कल्याणी बिराजदार नाकाला ओढणी लावून खिडकीशी गेली.
म्हटलं, थांब तिथंच, तिथूनही दिसतं.
घड्या बघा. माणसाच्यात याहून कितीतरी जास्त.
कवटी लहान, मामला मोठा,
आहेराच्या चादरी लोखंडी कपाटात कोंबतो
तसं सगळं दुमडून बसवलेलं.
आणि भाषा बहुतेकांची इथं, डावीकडे,
कानाच्या जरा वर.
"बकऱ्याची पण?" मागच्या बाकावरून कुणीतरी
ब्यां केलं.
हसू द्यावं लागतं. मीही हसले.

मग ठेवणीतली उपमा काढली,
या गावात दरवर्षी चालणारी:
मेंदू म्हणजे जकार्ड समजा.
पुठ्ठ्याची कार्डं, कार्डांना भोकं,
भोकाबरहुकूम दोरा उचलतो, मोर उमटतो.
एक कार्ड फाटलं
की मोराची तेवढी ओळ गेली.

तेव्हा हारिका चिट्याल,
जी हजेरीलाही नुसता हात वर करते,
उभी राहिली.

"मॅडम, वडील जकार्डवरच होते.
फाटलेलं कार्ड प्रत्येक मोरात दिसतं.
दहा मोर, दहादा तीच ओळ.
वडिलांचं तसं नाही.
लकवा मारल्यापासून त्यांना पाणी मागता येत नाही.
तांब्या समोर धरला तरी ते... ते... ते...
पण लाईट गेली की
लाईटवाल्यांना अख्खा शाप देतात, तेलुगूत,
एक अक्षर न अडखळता:
तुमच्या घरी प्यायला पाणी न मिळो.
नीळ्ळु म्हणतात, मॅडम. स्पष्ट.
शब्द फाटलाय, तर शापात कुठून येतो?"

वर्गात पंखा तेवढा बोलत होता.

उत्तर होतं माझ्याकडे, निम्मं.
मागणं एका वाटेनं येतं, शिवी दुसऱ्या,
मोजणी, आरती, पाढे, तीही त्या दुसरीनंच,
उजवा भाग, खोलवरच्या गाठी.
फळ्यावर बाण काढले.
तिसरा बाण कुठं न्यायचा ते कळेना,
तो मी हातानंच पुसला.
"जकार्डची उपमा खोडा," म्हटलं.
अठरा पेनं खोडताना ऐकू येतात.

हारिका बसली नव्हती अजून.
"आई कधीकधी मेन स्विच बंद करते,"
ती म्हणाली, "मुद्दाम.
मग दारात उभी राहून ऐकते.
हे बरोबर आहे का?"
अभ्यासक्रमात हे नाही.
मी तिला विचारलं, मग आई पाणी देते का?
"देते. शाप संपला की."

घंटा झाली. बर्फाचं पाणी झालं होतं.
जाता जाता कल्याणी टेबलापाशी थांबली,
ओढणी न लावता,
आणि एका बोटानं, अगदी हळू,
एक घडी उघडून पाहिली.

घरी डबा तीनदा घासला, तरी वास.
रात्री साडेनवाला लाईट गेली.
साखर पेठेत घराघरातून आवाज उठला,
कन्नड, तेलुगू, मराठी, एक पोरगं नुसतंच आ करून.
रोज मेणबत्ती शोधते.
आज शोधली नाही.