मूठ

शनिवारी दुपारी मी पोतं घेऊन निघते.
चंफाईच्या वरच्या डोंगरावर आमची एकशे चाळीस घरं,
बांबूच्या पायांवर उभी, दरीकडे पाठ करून,
उपासनेला उशिरा आलेल्या माणसांसारखी
जागा मिळेल तिथे अंग चोरून टेकलेली.

प्रत्येक चुलीमागे एक डबा असतो.
आधणात तांदूळ वैरण्याआधी
बाई एक मूठ बाजूला काढते, सकाळी एक, संध्याकाळी एक.
ही देवाची मूठ.
देव भात खात नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे.
ते तांदूळ विकून कुणाची औषधं येतात,
पलीकडच्या खोऱ्यात एखाद्या शाळेवर पत्रे चढतात.
माझं काम एवढंच,
डबा रिकामा करायचा आणि नावापुढे आकडा लिहायचा.

त्या वर्षी जानेवारीतच झरा आटला.
थांगछिंगीने डुक्कर विकलं होतं.
तिचा हमिंगा ऐझॉलला नशा सोडवायला ठेवलेला,
तिथे दर महिन्याला पैसे लागत.
सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

तिच्या डब्याचं झाकण उघडलं.
तळ दिसला,
घासून घासून लख्ख केलेला,
आणि त्यात माझंच तोंड.

ती चुलीकडे बघत होती. चूल थंड होती.
मी म्हटलं, "झऱ्यावर पाणी मिळालं का?"
"अर्धी कळशी," ती म्हणाली. "पहाटे तीनला नंबर लावला होता."
"मला तर तेवढंही नाही," मी म्हटलं.
एवढंच बोलणं झालं.

मग मी पोत्यात हात घातला.
वरच्या आळीचे, शिक्षकाच्या घरचे, त्या भांडकुदळ जावाजावांचे,
सगळ्यांचे देवाला दिलेले दाणे एकमेकांत मिसळलेले.
मुठीमागून मूठ डब्यात टाकत गेले, काठाशी येईस्तोवर,
आणि झाकण लावलं,
जणू उघडून नुसतं पाहिलं होतं.
तिने मान वळवली नाही.

वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, चौदा मुठी.
देवळाच्या वहीतलं माझं पहिलं खोटं.
अक्षर मात्र छान आलं.

रविवारी वडील रुआलखूमांनी वजन केलं.
पुन्हा केलं.
चष्मा नाकावर ओढून वहीतल्या नावांवरून बोट फिरवत आले,
एका नावापाशी बोट थांबलं,
आणि बराच वेळ तिथेच राहिलं.
मी खिडकीबाहेर कुणाची तरी कोंबडी बघत होते.
"तराजू जुना झालाय," ते म्हणाले, आणि वही मिटली.

तराजू आम्ही गेल्याच नाताळात घेतला होता.

एप्रिलमध्ये मला हिवतापाने धरलं.
बायका आल्या, उशाशी बसून गायल्या, प्रार्थना केली,
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
सगळ्या गेल्यावर थांगछिंगी आली.
ना हाक, ना प्रार्थना.
ओकारीचं भांडं उचललं, दारामागे रिकामं केलं.
राखेने पातेली घासली.
माझ्या धाकटीच्या डोक्यातल्या उवा काढल्या,
तिच्या रडण्याकडे साफ दुर्लक्ष करून.
मग चूल पेटवली.

मी डोळे मिटून पडले होते, पण पुरते नाही.
तिने माझ्या कणगीतले तांदूळ मोजून घेतले,
आधण सळसळायला लागलं तशी थांबली,
एक मूठ काढली,
माझा डबा शोधला. चुलीमागे, कोळीष्टकं झटकून.
माझ्या घरची मूठ, माझ्याच डब्यात.
आठ दिवस मला आठवणही झाली नव्हती.

दाणे तळावर वाजले.
तिने आत डोकावून पाहिलं, जरा विचार केला,
आणि चिमूटभर दाणे परत काढून पातेल्यात टाकले.

"तू आजारी आहेस," माझ्याकडे न बघता म्हणाली.
"त्याला कळेल."