निवतीच्या बंदरात, सुटण्याआधी

चपला इथेच काढा, त्या निळ्या टबात.
कुणी नेत नाही. नेल्याच,
तर भरती आणून देते. एखादी.

पाय भिजतील, गुडघ्यापर्यंत.
पांढऱ्या पँटीतल्या पाहुण्यांनी मनाला लावून घेऊ नये.
जॅकेटला बांगड्याचा वास आहे, तो धुऊन जात नाही.
बंद तीन असतात, दोन नव्हेत,
तिसरा मांड्यांमधून. लाजू नका,
सगळे समोर बघतायत.

पोट डचमळलं तर डाव्या अंगाला वाका.
उजवीकडून वारा आहे, दिलेलं परत करतो,
आणि मागे सुकाणूवर बाबल गिराप बसतो,
त्याने आज आंघोळ केलीय.

संडास नाही. विचारलंत म्हणून सांगते.
जायला पाऊण तास.
यायला किती, ते दुपार ठरवते.

डॉल्फिन. आम्ही गादे म्हणतो.
दिसतील असं मी कुठे म्हटलेलं नाही, पावतीवरही नाही.
मागच्या मंगळवारी एक साहेब पैसे परत मागत होते.
म्हटलं, तुमचं नाव कळवलं होतं त्यांना,
नाही जमलं.
शिट्ट्या नकोत, टाळ्या नकोत, वेफर्स तर नकोतच.
आलेच जवळ, तर बाबल इंजिन बंद करील
आणि त्या शांततेत ऐकू येईल
त्यांचा श्वास:
सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह सोडावा तसा,
एकदा इकडे, मग कुठे ते कळत नाही.

बेटावर उतरायचं नाही.
दीपगृहाची पायरी हात पोचेल इतकी जवळ येते,
तरी नाही.
सुरय उघड्या कातळावरच अंडी घालते,
दगडाच्या रंगाची.
तुम्हाला वाटेल, दगडावरच पाय दिला.

गुहेच्या तोंडाशी थांबू. आत नाही.
फ्लॅश नाही. बोलणं नाही.
कान द्या: टिक्. टिक्-टिक्.
पाकोळ्या काळोखात आवाजाने चाचपत जातात,
आपण भिंत चाचपतो तशा.
घरटं थुंकीचं. डावातलं वरण जेवढं, तेवढंच.
थेंब थेंब सुकवत बांधतात, महिना जातो.

इथे दरवेळी कुणीतरी विचारतं,
ते घरटं लाखात विकतात ना? बाहेरच्या देशात सूप करतात?

हो.
शिडी काथ्याची होती, अठरा हात.
सगुणकाका वर. मी खाली होडीत, बॅटरी धरून,
अकरा वर्षांची,
कारण मी हलकी होते आणि बोलत नसे.
भाताचा टोप खरवडावा तसा तो छत खरवडायचा.
काही पिशवीत पडायचं, काही पाण्यात.
पाण्यात पडलेलं
थोडा वेळ हलायचं.
टिकटिक थांबली नाही. उलट वाढली,
सगळ्या एकाच जागेला पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

पिशवीला वजन असं नव्हतंच.
तीन खेपांत ही होडी झाली.
मधली फळी फणसाची आहे, अजून चिरली नाही.

पावतीच्या मागे हे छापलेलं नाही.
छापखान्यातल्या मेस्त्रीने विचारलं होतं,
दोन ओळींची जागा उरतेय, काय घालू?
मी म्हटलं, सुस्वागतम घाल.

वनखात्याची माणसं मोजदादीला येतात, त्यांना मीच नेते.
डिझेलचे पैसे घेत नाही.
ताई, पाखरांवर जीव आहे तुमचा, म्हणतात.
मी दोर धरून उभी असते.
मागच्या खेपेला आकडा सांगितला त्यांनी.
जास्त की कमी, ते मी विचारलं नाही.

चला, उठा आता. सुकती लागायच्या आत सुटायला हवं.
चष्म्याला दोरी बांधा. पिशव्या पायाखाली.

लहान मुलं मधल्या फळीवर.
तिथे कमी हलतं.