घेऊन ये

"जा बे भूपेश, दहाचा बर्फ घेऊन ये."
हे मी किती वेळा म्हटलं असेल
याचा हिशोब मांडायचा तर
कूलरच्या टपाएवढी वही लागेल.

दर शनिवारी गच्चीवर आम्ही चौघं,
आणि जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज:
बर्फ, सोडा, खारे दाणे, एक लिंबू.
पाचवीत होता तेव्हापासून.
उरलेले दोन रुपये त्याचे.
"पोरगं कामाचं आहे तुझं," हेडाऊ म्हणायचा
आणि मला बरं वाटायचं.

यंदा एप्रिलात, शेहेचाळीस डिग्रीच्या दुपारी
मी वर्धमान नगरात कुणाच्या कूलरला
वाळ्याच्या ताट्या बसवत होतो.
फोन बावणेबाईंचा. गल्लीच्या तोंडाशी
त्यांचं शिवणाचं दुकान.
"भाऊ, तुमचा भूपेश माझ्या पंख्याखाली निजला आहे.
ओकला. नाल्याजवळ त्या पडक्या मागाच्या शेडात होता.
सोबतचे दोघं भिऊन पळाले.
आम्ही बायांनी उचलून आणला.
अजून तासभर तिथे राहता, तर..."
वाक्य त्यांनी तिथेच सोडलं,
जसा कापडाला दाब सोडतात.

मेयोमध्ये सलाईन थेंब थेंब.
रात्री डोळे उघडले तसं मी विचारलं,
"कोणी दिली? वय नाही विचारलं त्यानं?"
"बाबांसाठी पाहिजे म्हटलं.
तो म्हणाला, आज तर शनिवार नाही."

त्याला बाटलीसाठी मी एकदाच पाठवलं होतं.
पाय मुरगळला होता तेव्हा.
एकदाच.
दोनदा.

मी दुकान फोडायला निघालो होतो.
बावणेबाई म्हणाल्या, "आधी इथं बसा."
मापाच्या वहीत त्यांनी गल्लीतली पोरं लिहिली,
पोरी पण, एकतीस नावं,
आणि खिडकीतून दुकानवाल्याच्या हातात दिली:
"यांना द्यायची नाही. कोणाच्याही नावानं आले तरी.
बापाच्या नावानं तर नाहीच."
खाली आईबापांच्या सह्या.
माझी चौथ्या दिवशी झाली.
पेन जड होता असं नाही.

"पोरं दुसऱ्या चौकातून आणतील," हेडाऊ म्हणाला.
"आणतील," बाई म्हणाल्या.
"मग त्या चौकातल्या बायांकडे जाऊ."
आणि पोरांना बसवून एवढंच सांगितलं,
"कोणी पडला तर टाकून पळू नका.
आम्हाला हाक मारा. आधी उचलू,
शिव्या दुसऱ्या दिवशी देऊ."
पोरं हसली. एक नाही हसला.

शेडात आता कॅरम आहे.
बल्ब मी लावला, दोनदा फुटला, दोनदा बदलला.
रोज संध्याकाळी एक बाप तिथे बसतो, पाळीनं.
बहुतेक जण मोबाईल पाहतात.
तरी बसतात.

मी सोडली असं म्हणत नाही.
वीस शनिवारांपैकी सतरा कोरडे गेले.
तीन नाही गेले.
भूपेशला माहीत आहे. मीच सांगितलं.

मग मारबतीचा दिवस आला.
तांडापेठेतून पिवळी निघाली,
गर्दीत मी आणि तो, खांद्याला खांदा.
"रोगराई घेऊन जा गे मारबत!"
सगळे ओरडत होते, मी पण ओरडलो,
पण पुढचं जे नाव घ्यायचं होतं
ते घशात अडकलं.
मारबत किती नेणार?
जे आपणच दर आठवड्याला
जिन्यानं वर मागवलं, ते तिनं कसं न्यावं?

दुपारी अर्धं नागपूर बसलेलं असतं त्या दिवशी.
हेडाऊचे तीन फोन येऊन गेले.
ऊन कललं तसा मी गच्चीवर गेलो.
मागून चपला वाजल्या. भूपेश
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला.
"बर्फ?" एवढंच म्हणाला.
विचारत होता की तपासत होता, कळलं नाही.
माझा हात किंचित थरथरत होता.
त्याला दिसला असेल.

"चटई घेऊन ये," मी म्हटलं.