वेशीपर्यंत

समुद्रतळाशी केबल तुटली, त्याला आज नववा दिवस.
शाळेतल्या स्विचचे हिरवे दिवे मात्र लुकलुकतायत,
त्यांना कुणी कळवलंच नाहीये.

अकरा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, निळ्या वायरींचा गुंता,
नेयाफूत एवढीच वस्ती अजून आपसात बोलते.
कालोलाइने तिसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेला हाक घालते:
एका मिलिसेकंदात ओ.
मग ऑकलंडला.
चार हाका, चारही पाण्यात.

"मिस, जग बंद पडलं?"
नाही गं. वेशीपर्यंत सगळं शाबूत आहे,
वेशीबाहेरचा रस्ता तेवढा बुडालाय.
मी फळ्यावर राउटर काढते, त्याला कमान काढते.
कमानीखाली खोळंबलेली पाकिटं,
प्रत्येकावर नंबर, कुठून, कुठे.

दुपारी वैपुलु आजोबा आले, मुलासाठी चार ओळी सांगायला.
मी टाइप केल्या. पाठवायला गेले तर
म्हणाले, छापून दे.
प्रिंटर आपल्या वेशीतलाच; खुरखुरला, चालला.
त्यांनी कागदाची घडी घातली,
पाकिटावर घर नंबर, गल्ली, शहर,
मागे स्वतःचं नाव.

बोट गुरुवारी.
तोवर पाकीट त्यांच्या टोपीत.