उसनं ऊन

आमच्या खिडकीला आता एक तास दहा मिनिटं ऊन मिळतं.
गेल्या साली पावणेतीन तास होतं.
छत्तीस वर्षं लोकांचे विजेचे मीटर वाचले मी,
आकडा चुकायचा नाही माझा.

समोर टॉवर चढतोय.
दर स्लॅबमागे सात-आठ मिनिटं कापली जातात.
पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: भरपूर सूर्यप्रकाश.
खोटं नाही. आमचाच आहे तो.

कालिंदी नाशकात, लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना बजावून गेली:
कैऱ्या राजापुरी, दाबून बघून घ्या.
सालं काढून, कोय टाळून चिरा, पातळ नको, जाड नको.
(म्हणजे किती? तर म्हणाली, तुम्हाला कळेल.)
मीठ-हळद लावून रात्रभर ठेवा,
सुटलेलं पाणी फेकलंत तर याद राखा,
संध्याकाळी फोडी परत त्यातच.
आणि ऊन बघा. उन्हाकडे लक्ष ठेवा.

गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे.
किल्ली मागितली तर ते ठराव मागतात.
मग खिडकीच्या जाळीतच स्टीलचं ताट, वर जुनं उपरणं,
चार कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे,
आणि मी. कबुतरांवर राखण.
कलिन्यात विमानं इतकी खालून जातात
की सावली ताटावरून सरकते,
तेवढंही ऊन मी वजा धरतो.

पहिल्या खेपेला तिसऱ्या दिवशी बुरशी आली.
पांढरी, मऊ, तान्ह्याच्या जावळासारखी.
फोनवर म्हणालो, मस्त वाळतायत.
पलीकडे नातू रडत होता म्हणून निभावलं.

बी विंगमध्ये, बरोबर समोर, अर्सुला परेरा.
तिच्याकडे ऊन एकला येतं आणि जेवून-बिवून,
वामकुक्षी आटपून साडेतीनला जातं.
तिच्या मिरच्या चादरीवर पसरलेल्या, नाकाला रुमाल,
बाटलीतल्या मसाल्याची तयारी.
मी फोडी कचऱ्याच्या पिशवीत ओतताना तिनं पाहिलं.
"मीटरवाले!" ती ओरडली. "ताट इकडं आणा!"

ओळखलं होतं तिनं.
गावठाणातल्या तिच्या कौलारू घराचं मीटर
पडवीत, पेरूच्या फांदीमागे होतं.
फांदी हातानं बाजूला धरायची ती, मी आकडा लिहायचो.
तेव्हा अंगणभर मिरच्या असायच्या, चालायला वाट नसायची.
घर दिलं, फ्लॅट मिळाला.
"अंगणाचे किती फूट धरले, विचारलंत का?" मी म्हणालो.
ती मिरच्या उलटत राहिली.

त्या दिवसापासून साडेबारा वाजले की
ताट दोन्ही हातांवर धरून चार जिने खाली,
चौकातून, चार जिने वर.
वॉचमननं पहिल्या दिवशी हात पुढे केला,
त्याला वाटलं प्रसाद.
आता तो फक्त विचारतो, किती राहिलंय?
मी एक फोड मोडून दाखवतो.
अजून वाकते. मोडत नाही.

नवव्या दिवशी मोडली.
कट्ट आवाज आला, अर्सुलाच्या स्वयंपाकघरातून ऐकू जाईल असा.

कालिंदी आली तेव्हा पावसाचे ढग जमले होते.
बॅग दारातच ठेवून बरणी उघडली,
वास घेतला, एक तुकडा जिभेवर ठेवला, थांबली.
माझे मीटरच्या काट्यासारखे प्राण फिरत होते.
"मिरच्यांशेजारी होती का ही आंबोशी?"
काही लपत नाही.
"कुणाचं ऊन आहे हे?"

सांगितलं सगळं. बुरशीसुद्धा.
ती काही बोलली नाही. दुसरी बरणी काढली, पुसली,
अर्धी आंबोशी त्यात भरली, झाकण घट्ट लावलं
आणि माझ्या हातात दिली.
"रिकामी परत आणू नका म्हणावं."
हे ती मला सांगत होती की अर्सुलाला, कळलं नाही.

दुपारी टॉवरचा अकरावा स्लॅब भरला.
कॅलेंडरच्या मागे मी लिहून ठेवलंय:
आमच्याकडचं, एक तास दोन मिनिटं.
बी विंगचं धरून, साडेतीन.