दाराचे दोन हजार

किंमत सांगायच्या आधी मी दोष सांगितले.
धंद्यात असं करत नाहीत, ठाऊक आहे मला.
पण एकोणीस वर्षं लेथवर उभा होतो,
अर्धा सूत चुकलं तरी पीस बाजूला ठेवायची
हाताला सवय आहे.

तौसिफ मालेगावहून आला होता, चुलत्याला घेऊन.
चुलत्याच्या खिशात लोहचुंबक.
तो पत्र्यावरून फिरवत निघाला,
चिकटला तिथं पत्रा,
सुटला तिथं पुट्टी,
मीच भरलेली, दोन हजार नऊच्या दिवाळीत,
तेव्हा वाटलं होतं, पुढच्या दिवाळीला रंग.

"कॉन्टेसा आता बघायलाही मिळत नाही, काका,"
पोरगा म्हणाला,
आणि गफूरभाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

सातपूरची कंपनी बसली तेव्हा
साहेब म्हणाले, पैसे नाहीत, वस्तू न्या.
खैरनारनं ड्रिल मशीन नेलं,
गांगुर्डेनं कँटीनची पातेली,
आणि मी ही गाडी.
पांढरी, लांब, बोनेटवर चार जणांची पंगत बसेल एवढी.
लोक म्हणायचे गाडी.
ती माझी ग्रॅच्युइटी होती
आणि लिटरला सात देत होती.

प्रमिला चार दिवस बोलली नाही.
पाचव्या दिवशी घडी मोडून साडी नेसली
आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.
पुढं ये म्हटलं तर म्हणाली,
मॅडम मागंच बसायच्या.

पोचल्यावर म्हणाली,
डावीकडचं दार आतून उघडत नाही.

म्हणून मी उतरायचो,
सगळ्या बोनेटला वळसा घालून यायचो
आणि दार उघडायचो.
देवळालीला, तिच्या भाचीच्या लग्नात.
गंगापूर रोडच्या दवाखान्यासमोर, दोनदा.
कसाऱ्याच्या घाटात रेडिएटर उकळला तेव्हाही
आधी दार, मग बोनेट.
दुरुस्त करून घेऊ, मी म्हणायचो.
आधी ब्रेकचं बघा, ती म्हणायची.

तर मी सांगत गेलो :
क्लचखाली रस्ता दिसतो.
वायरिंग उंदरांनी खाल्लंय.
काचेचं रबर दिल्लीहून मागवलं होतं,
ते अजून कागदात आहे, तेही घेऊन जा.
इंजिन सहा वर्षं बोललेलं नाही,
पण जाम नाही, हातानं फिरतं.

मी एक ऐंशी म्हटलं.
गफूरभाई नव्वदवरून हलेनात.
दुसऱ्या चहाला एक तीसवर आलो,
आणि हात मिळवताना मीच म्हटलं,
मागच्या दाराचे दोन हजार कमी द्या.
गफूरभाई माझ्याकडे बघतच राहिले.
त्यांनी पैसे पुन्हा एकदा मोजले.

क्रेनची गाडी गल्लीत मागं मागं येत होती.
तौसिफ आत शिरून सीटच्या स्प्रिंगा दाबून बघत होता.
त्यानं खटका ओढला.
दार उघडलं.
"काका, हे तर चालू आहे."
लावलं. पुन्हा उघडलं.
साधं कुरकुरलंही नाही.

मी खिडकीकडे पाहिलं.
प्रमिला उभी होती, हातात आरसी बुकाची झेरॉक्स,
आणि चिकूच्या झाडाकडे
असं बघत होती
जसं काही तिथं कुणी चढलंय.

"मग ते दोन हजार?" गफूरभाई म्हणाले,
माणूस सरळ होता.
राहू द्या, म्हटलं.
त्यांचा हिशेब झालाय.

संध्याकाळी चष्म्याचा नंबर काढायला
कॉलेज रोडला जायचं होतं.
अंगणातली रिकामी जागा
उगाच मोठी दिसत होती, त्यात मांजर बसलेलं.
रिक्षा थांबली.

रिक्षाला दार नसतं.
तरी ही उभीच राहिली.
रिक्षावाला म्हणाला, बसा ना मावशी.
मी पुढून वळसा घालून आलो,
नसलेल्या दाराशी हात नेला,
आणि मग ती बसली.